बारा हजार लोकांनी न ऐकलेल्या गाण्यांचे पैसे आधीच भरले : मॅरिलियन आणि त्यांचं गिऱ्हाईक



मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला. ‘सर, माल तयार नसताना गिऱ्हाईक पैसे कशाला देईल?’ व्हिडिओत मी दोन वाक्यांत उत्तर दिलं आणि एका इंग्लिश बँडचं नाव घेतलं. मग पुढचा प्रश्न आला, ‘हा कुठला बँड? नावच ऐकलं नाही.’ नाव ऐकलं नसेल तर लाजायचं कारण नाही. खुद्द इंग्लंडमध्ये या बँडचं नाव काढलं की ‘अजून आहेत का ते?’ असं विचारणारे लोक भेटतात. म्हणून आज हा लेख. व्हिडिओत एवढं सांगायला बसलो तर तुम्ही अर्ध्यात सोडून जाल.

बँडचं नाव मॅरिलियन. १९७९ मध्ये लंडनच्या वायव्येला असलेल्या एल्सबरी नावाच्या गावात सुरू झाला. टॉल्किनच्या ‘द सिल्मॅरिलियन’ या पुस्तकावरून आधी नाव ठेवलं सिल्मॅरिलियन, मग पुढचं ‘सिल’ कापून टाकलं. त्यांचं संगीत सिम्फॉनिक प्रोग्रेसिव्ह रॉकच्या घराण्यातलं. म्हणजे काय, तर रॉकचीच वाद्यं, गिटार, बास, ड्रम्स, पण कीबोर्डचे थर असे रचायचे की मागे अख्खा ऑर्केस्ट्रा बसलाय असं वाटावं. गाणं तीन मिनिटांत संपत नाही. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, कधी अठरा. मध्येच लय बदलते, मूड बदलतो, पहिली सुरावट शेवटी वेगळ्या रूपात परत येते. ज्याला बडा ख्याल बसून ऐकायची सवय आहे त्याला हे लांब वाटणार नाही. बाकीच्यांना वाटेल, आणि धंद्याच्या दृष्टीने खरी अडचण तिथेच आहे. असा माल रेडिओवर चालत नाही.

सुरुवातीला मात्र चालला. फिश नावाने ओळखला जाणारा उंच धिप्पाड स्कॉटिश गायक, ईएमआयसारखी मोठी कंपनी, १९८३ मध्ये पहिला अल्बम. १९८५ चा ‘मिसप्लेस्ड चाइल्डहुड’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला आणि त्यातलं ‘केली’ हे गाणं दुसऱ्या क्रमांकावर. आजही सामान्य माणसाला मॅरिलियन म्हटलं की ते एकच गाणं आठवतं.

१९८८ मध्ये फिश बाहेर पडला. ज्याच्या तोंडाकडे बघून गिऱ्हाईक येत होतं तोच माणूस गेला. १९८९ मध्ये स्टीव्ह होगार्थ आला. त्याआधी तो संगीत सोडून घरोघर दूध टाकायचं काम धरायच्या विचारात होता, असं त्यानेच सांगितलंय. आवाज वेगळा, लिहिण्याची पद्धत वेगळी. काही जुने चाहते दुरावले, पत्रकारांनी बँडला कपाटात टाकून दिलं.

इथून पुढची वर्षं धंदा करणाऱ्या माणसाने नीट वाचावीत.

माल चांगला, दुकान रिकामं

१९९४ मध्ये त्यांनी ‘ब्रेव्ह’ केला. होगार्थने रेडिओवर पोलिसांचं एक निवेदन ऐकलं होतं. सेव्हर्न नदीच्या पुलावर एक मुलगी सापडली होती, ती कोणाशी बोलायला तयार नव्हती, तिला कोणी ओळखतं का, अशी विचारणा होती. त्यावरून सत्तर मिनिटांची एक सलग कथा तयार झाली. फ्रान्समधल्या एका जुन्या किल्ल्यात राहून काम सुरू केलं. कंपनीला झटपट अल्बम हवा होता, यांनी भरपूर वेळ घेतला. आज चाहत्यांना विचारा, हा अल्बम वरच्या दोन-तीनांत असतो. त्या वेळी मात्र कंपनीच्या अपेक्षेइतका खपला नाही. पुढच्या वर्षी ‘अफ्रेड ऑफ सनलाइट’ आला आणि ईएमआयबरोबरचा करार संपला. मग एका छोट्या कंपनीबरोबर तीन अल्बमचा करार झाला.

थोडा हिशेब समजून घ्या. रेकॉर्ड कंपनी बँडला आधी पैसे देते, पण ते बक्षीस नसतं, उचल असते. ती रक्कम कलाकाराच्या वाट्यातून वळती होते आणि फिटेपर्यंत कलाकाराला रॉयल्टी मिळत नाही. मुख्य म्हणजे, उचल फिटली तरी रेकॉर्डिंगची मालकी सहसा कंपनीकडेच राहते. घराचे सगळे हप्ते तुम्ही भरले आणि सातबारा बँकेच्याच नावावर राहिला, असं समजा. सावकारीची ही पद्धत आपल्याकडच्या लोकांना नव्याने शिकवायला नको.

१९९७ : पैसे कोणी मागितलेच नव्हते

बँडचा कीबोर्डवाला मार्क केली हा इंटरनेटवर लवकर आलेल्यांपैकी. चाहत्यांची एक ईमेल यादी होती, तिथे लोक गाण्यांवर तासन्‌तास वाद घालायचे आणि हा गुपचूप वाचत बसायचा. आपल्याकडे तेव्हा व्हीएसएनएलचं कनेक्शन म्हणजे श्रीमंती होती, त्या काळातली ही गोष्ट. अमेरिकेतले चाहते विचारत होते की तुम्ही इकडे का येत नाही. केलीने सरळ खरं सांगितलं. दौरा केला तर सुमारे ६० हजार डॉलर अंगावर येतील, कंपनी ते देणार नाही, आमच्याकडे नाहीत.

यावर एका चाहत्याने सुचवलं, मग आपणच जमवू. बँक खातं चाहत्यांनी उघडलं, हिशेब त्यांनीच ठेवला. ६० हजार डॉलर जमले. हे पैसे म्हणजे तिकिटं नव्हती हे लक्षात घ्या. तिकीट काढायचं ते वेगळंच. लोकांनी फक्त बँड आपल्या गावात यावा यासाठी पैसे दिले. दौरा झाला, आणि पैसे देणाऱ्यांसाठी त्यातल्या एका कार्यक्रमाची लाइव्ह सीडी काढली गेली.

आपल्याला यात नवल वाटायला नको. गणेशोत्सवाची वर्गणी काय असते? गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये काढून १९७६ चा ‘मंथन’ उभा केला, ते काय होतं? आणि मराठी प्रकाशक तर कितीतरी वर्षं प्रकाशनपूर्व सवलतीत पुस्तकं विकत आलेत. पुस्तक छापून यायच्या आधी मनीऑर्डर पाठवणारे वाचक आपल्याच घरातले. पद्धत जुनीच आहे. या बँडने ती इंटरनेटवर नेली आणि कायमची करून टाकली. किकस्टार्टर सुरू झालं २००९ मध्ये, त्याच्या बारा वर्षं आधी हे घडलंय.

सहा हजार ईमेल

छोट्या कंपनीबरोबरचे तीन अल्बम झाले आणि १९९९ नंतर बँड पुन्हा उघड्यावर. आता काय? हातात होतं काय, तर सुमारे ६ हजार चाहत्यांचे ईमेल पत्ते. ते आपोआप गोळा झालेले नव्हते. ‘क्रॅश कोर्स’ नावाची नमुन्याची सीडी त्यांनी मागेल त्याला फुकट दिली. नाव-पत्ता द्या, सीडी घ्या. आपल्याकडे नवीन चिवडा चाखायला हातावर देतात, तसंच. फरक एवढाच की हे लोक चाखणाऱ्याचं नाव वहीत लिहून घेत होते.

त्या ६ हजार जणांना त्यांनी विचारलं, आम्ही पुढचा अल्बम करायचा म्हणतोय, रेकॉर्ड व्हायच्या आधी विकत घ्याल का? बहुतेकांनी हो म्हटलं. मग नोंदणी उघडली आणि १२ हजारांहून जास्त लोकांनी पैसे भरले. एकही गाणं न ऐकता! कारण ऐकायला गाणंच तयार नव्हतं.

२००१ मध्ये तो अल्बम आला. नाव ‘अनोरॅकनोफोबिया’. इंग्लंडमध्ये एखाद्या गोष्टीच्या फार नादी लागलेल्या माणसाला चिडवून ‘अनोरॅक’ म्हणतात. अनोरॅक म्हणजे टोपीचं जाड जाकीट, स्टेशनवर उभं राहून आगगाड्यांचे नंबर टिपणाऱ्यांच्या अंगात असतं ते. आमच्या चाहत्यांना तुम्ही हसता ना, आम्हाला त्यांची भीती वाटत नाही, असा त्या नावाचा अर्थ. मुखपृष्ठावरही जाकीटवालेच. आणि नोंदणी करणाऱ्यांसाठीच्या खास आवृत्तीच्या पुस्तिकेत त्यांची नावं छापलेली.

त्याच वेळी पत्रकारांना पाठवलेल्या पत्रकात त्यांनी एक आव्हान दिलं. अल्बमवर लिहा, पण ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’, ‘जेनेसिस’, ‘फिश’, ‘डायनोसॉर’ असले शब्द न वापरता लिहून दाखवा. वर्षानुवर्षं तेच चार शब्द फिरवून समीक्षा लिहिणाऱ्यांना हा टोला होता.

आता यातली धंद्याची गोम सांगतो, कारण बहुतेक जण ‘पैसे जमले’ इथेच थांबतात. पैसे हातात आल्यावर हा बँड ईएमआयकडेच गेला! ज्या कंपनीकडून बाहेर पडले तिच्याकडेच. पण या वेळी अल्बम तयार करायला तिचे पैसे नको होते. त्यामुळे मालकी स्वतःकडे ठेवून फक्त वितरण आणि प्रसिद्धीचा करार केला. पूर्वी याच टेबलावर ते उचल मागायला बसले होते. आता तयार माल घेऊन बसले, आणि बारा हजार गिऱ्हाइकांची यादी बरोबर होती. घासाघीस करताना कोणाचा आवाज चढा असणार, तुम्हीच सांगा.

चाहत्यांना नेमकं काय आवडतं

माझ्या बॅचला एक गिटार क्लास चालवणारा मुलगा होता, त्याच्यामुळे मी या बँडकडे वळलो. मी संगीतातला जाणकार नाही. पण एवढी माणसं एवढा जीव लावतात तर त्या मालात काय आहे हे दुकानदार म्हणून बघायलाच हवं होतं. नुसतं ‘कम्युनिटी बनवा, कम्युनिटी बनवा’ म्हणणारे ट्रेनर मला आवडत नाहीत. माल पोकळ असेल तर कम्युनिटी दुसऱ्या वर्षी पांगते.

‘एस्टोनिया’ हे गाणं ऐका. १९९४ मध्ये बाल्टिक समुद्रात एस्टोनिया नावाची प्रवासी बोट बुडाली, ८५२ माणसं गेली. त्यातून वाचलेल्या एका माणसाशी होगार्थची गाठ पडली, त्यातून हे गाणं आलं. आरडाओरडा नाही, रडारड नाही. आपलं माणूस गमावलेला कोणीही त्यात आपलं दुःख ठेवू शकतो. ‘ओशन क्लाउड’ जवळजवळ १८ मिनिटांचं आहे आणि डॉन अ‍ॅलम या माणसाच्या आठवणीत केलेलं आहे. एकट्याने वल्ही मारत अटलांटिक महासागर दोन्ही दिशांनी पार करणारा तो पहिला. गाण्यात वादळ येतं, शांतता येते, मग नुसता रेडिओ खरखरल्यासारखा आवाज, परत वादळ. स्टीव्ह रॉदरीची गिटार इथे वेगाची करामत दाखवत नाही, एकेक सूर लांबवते. गिटारवाला मुलगा म्हणाला, ‘सर, हे वाजवायला सोपं वाटतं, पण असं थांबणं जमत नाही.’

विषय असे, लांबी अशी, रेडिओ घेणार नाही. पण ज्याला लागतं त्याला असं लागतं की तो दुसऱ्या देशातून विमानाने येतो. २००२ पासून हे ‘मॅरिलियन वीकेंड’ भरवतात. पहिलं इंग्लंडच्या समुद्रकाठच्या एका हॉलिडे कॅम्पमध्ये झालं, पुढे नेदरलँड्समधलं पोर्ट झेलांड हे मुख्य ठिकाण झालं. तीन रात्री, रोज वेगळा कार्यक्रम, एखाद्या रात्री अख्खा जुना अल्बम पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत. लोक तिथेच राहतात, तिथेच जेवतात, दोन वर्षांनी पुन्हा त्याच ओळखीच्या माणसांना भेटतात. वारीत दरवर्षी तीच दिंडी भेटावी तसं.

सगळंच मात्र उत्तम नाही, हेही लिहितो. १९९८ चा ‘रेडिएशन’ मला कच्चा वाटतो, आवाजाची जुळणी बसलेली नाही. चाहत्यांचीही तीच तक्रार होती. बँडने काय केलं? २०१३ मध्ये तो अख्खा अल्बम नव्याने मिक्स करून पुन्हा आणला. पंधरा वर्षांनी तक्रार निवारण!

पुढची वीस वर्षं, थोडक्यात

२००४ च्या ‘मार्बल्स’साठी पुन्हा आगाऊ नोंदणी, या वेळी प्रसिद्धीचा खर्च काढायला. नोंदणी करणाऱ्यांना खास दोन सीडींची आवृत्ती, पुन्हा नावं छापलेली. ‘यू आर गॉन’ हे गाणं ब्रिटनमध्ये सातव्या क्रमांकावर पोहोचलं. १९८७ नंतर प्रथमच पहिल्या दहात! चाहत्यांनी एकाच गाण्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्या विकत घेऊन ते वर ढकललं, हे खरंच आहे. काही जण याला लबाडी म्हणतात. मला वाटत नाही, प्रत्येक प्रत पैसे मोजून घेतलेली होती.

२००८ मध्ये अल्बम चोरून डाउनलोड होणार हे गृहीत धरून यांनी स्वतःच तो फाइल शेअरिंगवर सोडला. फाइल उघडली की बँडचा निरोप दिसायचा, आवडलं तर ईमेल द्या. ज्याला बाकीचे चोर म्हणत होते त्यालाही वहीत घेतलं. २०१७ मध्ये लंडनचं रॉयल अल्बर्ट हॉल भरलं. २०२२ चा अल्बम ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेला. म्हणजे करारातून सुटल्यावर सव्वीस-सत्तावीस वर्षांनी.

मला सगळ्यात भावलेली गोष्ट २०२१ ची. नोव्हेंबरमध्ये इंग्लंडचा दौरा ठरला होता, पण करोनामुळे दौरा रद्द झाला तर त्याचा विमा मिळेना. बस, ट्रक, दिवे, कामगार, सगळ्यांचे पैसे आधी बांधलेले. एका जणाला लागण झाली की सगळं बुडीत. मग चाहत्यांनीच विमा उतरवला. ‘लाइटसेव्हर्स’ नावाने दीड लाख पौंड गोळा झाले आणि ते तिसऱ्या पक्षाकडे बाजूला ठेवले. दौरा बुडाला तर त्यातून खर्च भागवायचा, पार पडला तर ज्याचे त्याला परत. दौरा पार पडला, पैसे परत गेले.

तुमच्या दुकानात हे कसं बसेल

माझं मसाल्याचं दुकान आहे. वर्षाच्या मसाल्याची नोंदणी आम्ही फेब्रुवारीत घेतो, कांडप मार्च-एप्रिलला. बेडगी किती, लवंगी किती, धने किती हे गिऱ्हाइकाच्या नावासमोर लिहिलेलं असतं. निम्मे पैसे आधी, त्यातून मिरची घ्यायची. पण ही पद्धत नवीन दुकानाला पहिल्या वर्षी जमत नाही, कोणी कितीही व्हिडिओ टाको. मॅरिलियनने पैसे मागितले ते पहिल्या अल्बमनंतर सतरा वर्षांनी. तुम्हाला सतरा लागणार नाहीत, पण दोन-तीन हंगाम तरी चोख माल हातात पडल्याशिवाय आगाऊ मागू नका.

आणि आलेला अ‍ॅडव्हान्स कमाई समजू नका, ते देणं आहे. वेगळं खातं ठेवा. इंग्लंडमधल्या प्लेजम्युझिक या कंपनीकडे कलाकार चाहत्यांचे पैसे जमवायला द्यायचे. मॅरिलियनचा २०१६ चा अल्बमही तिथूनच झाला आणि नीट झाला. २०१९ मध्ये ती कंपनी बुडाली आणि कितीतरी कलाकारांचे पैसे अडकले. चाहत्याने पैसे दिलेले, कलाकाराला मिळालेले नाहीत, आणि शिव्या मात्र कलाकाराला. म्हणून यादी आणि पैसा, दोन्ही शक्यतो स्वतःच्या हातात. इन्स्टाग्रामवरचे फॉलोअर ही तुमची यादी नाही. नाव, फोन नंबर, काय घेतलं, कधी घेतलं, एवढं तुमच्या वहीत असेल तर ती यादी.

जीएसटीचं विचारणारे आहेत, म्हणून एक ओळ : मालाच्या आगाऊ रकमेवर सर्वसाधारण नोंदणी असलेल्यांना त्याच वेळी कर भरावा लागत नाही, सेवेच्या आगाऊ रकमेवर लागतो. क्लास, केटरिंग, इव्हेंटवाल्यांनी आपल्या सीएशी बोलून घ्या.

नावं छापायची गोष्ट मात्र उद्यापासून करता येते, खर्च शून्य. यंदा आम्ही नोंदणीच्या प्रत्येक डब्यावर घरातल्या बाईचं नाव आणि तिचं प्रमाण छापायला घेतलंय. ‘सावंत काकू, तिखट कमी, खडा मसाला जास्त.’ काकूंनी तो डबा शेजारी नेऊन दाखवला, आणि शेजारच्या बाई पुढच्या फेब्रुवारीचं आत्ताच विचारून गेल्या.

ऐकायचं असेल तर सुरुवात ‘ईस्टर’ने करा, सोपं आहे आणि त्यातली गिटार लक्षात राहते. मग ‘एस्टोनिया’. ‘ओशन क्लाउड’ रात्री दुकान बंद केल्यावर, गल्ला मोजून झाल्यावर, फोन बाजूला ठेवून. ‘ब्रेव्ह’ रविवारसाठी ठेवा, तो मधून ऐकायचा अल्बम नाही. कोणतं आवडलं ते कमेंटमध्ये लिहा, आणि कोणतं कंटाळवाणं वाटलं तेही. पुढच्या गुरुवारच्या व्हिडिओत नोंदणीची वही कशी आखायची ते दाखवतो, पट्टी-पेन्सिल घेऊन बसा.